तडजोड करायची, पण कोणी?

संपादक महोदय,

हल्लीच्या मुली तडजोड करत नाहीत म्हणून संसार मोडतात, अशा अर्थाचं एक पत्र परवा तुमच्याकडे छापून आलं होतं. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत मला तरी तडजोड भरपूर दिसते, फक्त ती कोणी करायची हे कोणी न विचारताच ठरलेलं असतं.

फ्लॅटचंच घ्या ना. २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळते, म्हणजे ८० लाखांच्या घरामागे ८० हजार वाचतात, त्यामुळे आमच्याकडे कितीतरी घरं कागदावर बायकांची आहेत. चांगलंच आहे. पण तीच मालकीण मैत्रिणींबरोबर दोन दिवस अलिबागला जायचं म्हटलं की आधी सासूबाईंना विचारणार मग नवऱ्याला, मग दोन दिवसांच्या भाज्या करून फ्रीजमध्ये ठेवणार आणि तेव्हा कुठे निघणार. नवरा ट्रेकला जाताना सॅक भरता भरता सांगतो, झालं.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात आणि पुरुषांची ८८. त्यातही ही सरासरी घरकाम करणाऱ्यांचीच आहे, जे इकडची काडी तिकडे करत नाहीत ते यात धरलेलेच नाहीत!

पुरुषांना काहीच सोडावं लागत नाही असं मी म्हणत नाही हां. होम लोनच्या हप्त्यापायी नको झालेली नोकरी रेटत रोज ठाण्याहून लोकलला लोंबकळणारे कमी नाहीत, आणि त्यांच्याबद्दलही घरात कोणी बोलत नाही, ते स्वतः तर नाहीच नाही.

ऐरोलीला माझ्या ऑफिसातल्या एकीने बंगलोरचं प्रमोशन सोडलं, मुलगा दहावीला होता म्हणून. ते ठीक, तिलाही तेव्हा जायचं नसेल. पण पुढे नवऱ्याला पुण्याची ऑफर आली तेव्हा मुलगा बारावीला होता आणि तरी महिन्याभरात सामान हललं. मला राग येतो तो याचा, की दोन्ही वेळेला घरात धड चर्चासुद्धा झाली नाही. या वेळी तुझं, पुढच्या वेळी माझं, एवढं तरी बोलून घ्या की, हवं तर व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवा म्हणजे नंतर कोणी विसरणार नाही.

मध्यंतरी भाचीच्या बघण्याच्या कार्यक्रमाला गेले होते. मुलाची आई म्हणाली, लग्नानंतर तिने नोकरी केली तरी आमची हरकत नाही. भाचीने मुलालाच विचारलं, उद्या मला बाहेरगावी चांगली संधी आली तर तू येशील? तो जरा गडबडला, मग म्हणाला, लगेच हो नाही म्हणणार, पण बसून बोलू. आम्हाला स्थळ पसंत आहे, आता त्यांच्या आईचं काय ते बघायचं.

— एक वाचक, कासारवडवली, ठाणे