काका, तुम्ही शेवटपर्यंत बसून राहिलात

तपकीर गल्लीतल्या बॅटरीवाल्या काकांना, नवी पेठेतल्या अभ्यासिकेकडून

काका, सप्रेम नमस्कार.

आमच्या जिन्याखालच्या खोलीत, नेटवर्कची यंत्रं ठेवलेल्या रॅकच्या दाराला आतून, बॅटरीच्या खोक्याचा एक पुठ्ठा चिकटवलेला आहे. काळ्या मार्करनं तुम्ही त्यावर आकडे लिहिलेत. ११.१० ला ३७.६ व्होल्ट. १२.१० ला ३६.५. १.१० ला ३४.९. आणि सगळ्यात खाली, गोल करून, १.३० ला ३१.७. दार उघडलं की आधी नजर तिथे जाते. तुमचं बिल केव्हाच चुकतं झालं, पण त्या पुठ्ठ्याचे पैसे तुम्ही लावलेच नव्हते. ते देणं अंगावर राहिल्यासारखं वाटतं, म्हणून हे पत्र, चारचौघांना वाचता येईल असं.

लाइट गेली तरी अभ्यासिकेचं नेट आणि कॅमेरे चालू राहावेत म्हणून आम्हाला यूपीएस, म्हणजे लाइट जाताच बॅटरीवरून वीज देणारा डबा, हवा होता. तुमच्या आधी तिघे होऊन गेले. एकानं फोनवरच विचारलं, "स्विच किती? मग तीन केव्हीए टाका, टेन्शन नाही." (स्विच म्हणजे नेटच्या तारा एकत्र जोडणारं यंत्र, केव्हीए हे यूपीएसच्या ताकदीचं माप.) दुसरा निदान आला. पण त्यानं रॅकमधल्या यंत्रांच्या पाठीवरचे वॅट वाचून नुसती बेरीज केली : चोवीस पोर्टचा पीओई (नेटच्या तारेतूनच वीजही देणारा) स्विच ४५० वॅट, एनव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा) अडॅप्टर ४८, राउटर, फायबरचा डबा. पुन्हा उत्तर तीन केव्हीए. आणि तिसऱ्यानं त्याही आधी घरगुती इन्व्हर्टर बसवून ठेवला होता, चौकोनी तरंगाचा. पंख्याला, दिव्याला तो चालतो. पण मोठ्या स्विचच्या पॉवर सप्लायमध्ये पॉवर फॅक्टर (व्हीएपैकी खरे वॅट किती, ते प्रमाण) सुधारणारं सर्किट असतं आणि त्याला तो तरंग मानवत नाही. सप्लाय गुणगुणतो, तापतो, कधी सरळ बंद पडतो. शिवाय लाइट गेल्यावर स्विचचा सप्लाय स्वतःच्या दमावर साधारण दहा ते वीस मिलिसेकंद तग धरतो, आणि घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असला तर बॅटरीवर जायला त्याहून जास्त वेळ लावतो. लाइट क्षणभर लुकलुकली तरी स्विच नव्यानं सुरू व्हायचा, मग वायफाय देणारा एकेक अॅक्सेस पॉइंट उठायचा, आणि चार-पाच मिनिटं नेट गायब. स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख असलेल्या रात्री त्या चार मिनिटांची किंमत काय, ते आमच्या मुलांना विचारावं. त्या माणसाला तीनदा फोन केला. "बॅटरीत पाणी बघा," एवढंच उत्तर यायचं.

तुम्ही आलात ते हातात वॅटमीटर घेऊन. भाव सांगितला नाहीत. रॅकची मुख्य पिन मीटरवर लावलीत आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबलात : १७६ वॅट. कागदावर ३७० वॅटचं पीओई बजेट असलेला स्विच प्रत्यक्षात सहा अॅक्सेस पॉइंट आणि दहा कॅमेऱ्यांना मिळून शंभराच्याही आत वीज देत होता. मग तुम्ही जिन्यातल्या कॅमेऱ्यावर तळहात धरलात. काचेमागचे लाल ठिपके पेटले आणि मीटर चारानं वर गेला. "रात्री दहाही कॅमेऱ्यांचे दिवे लागतात, म्हणजे चाळीस वाढवा." २१६. जागेवर मोजलेला भार तो हा, आणि तो मोजायला तुम्हाला पाच मिनिटं लागली होती.

त्यावरून एक केव्हीएचा यूपीएस ठरला, ऑनलाइन प्रकारचा, म्हणजे यंत्रांना कायम स्वतः तयार केलेली वीज देणारा, त्यामुळे लाइट गेली तरी खंड पडत नाही. इथे व्हीए आणि वॅट यांची गल्लत फार जण करतात, म्हणून लिहून ठेवतो. एक केव्हीएवर ०.८ पॉवर फॅक्टर लिहिलेला असेल तर तो ८०० वॅट देतो, आणि ६०० व्हीएचा टेबलाखालचा डबा ३६० वॅटच्या आसपास. आमचा भार ८०० च्या पाव भागाहून थोडा जास्त. पुढे कॅमेरे दुप्पट झाले तरी जागा आहे. ऑनलाइनच का, तेही तुम्ही मीटरबोर्ड उघडून दाखवलंत. न्यूट्रलचा स्क्रू ढिला, तार काळी पडलेली, न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११ व्होल्ट. पेठेतल्या जुन्या इमारतीत हे दुखणं घरोघरी असतं. न्यूट्रल पुरता सुटला तर एखाद्या फेजवर २३० ऐवजी ३०० च्या वर व्होल्ट येतात आणि मग रॅकमधलं काय जाईल ते सांगता येत नाही. परवानाधारक वायरमनकडून ते आवळून घेईपर्यंत तुम्ही यूपीएस आणला नाहीत. नंतर मोजलंत तेव्हा दीड व्होल्ट. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आठ पोर्टच्या छोट्या स्विचला मात्र "साधा ६०० व्हीए पुरे, उगाच पैसे घालू नका" म्हणालात. एवढ्या लहान अडॅप्टरमध्ये ते पॉवर फॅक्टरचं सर्किट सहसा नसतंच, त्यामुळे तिथे स्वस्त तरंगही चालतो. महागाचा विकता येत असताना स्वस्ताचा सांगणारा दुकानदार भेटला, याचं अप्रूप अजून जात नाही.

मग तुमचा प्रश्न आला, "बॅकअप किती वेळ हवा?" आणि पाठोपाठ दुसरा, "फायबर इथून पुढे कुठे जाते?" हा दुसरा प्रश्न आधी कुणीच विचारला नव्हता. शेजारच्या गच्चीवर केबलवाल्याचा स्विच असेल आणि त्याला बॅकअप नसेल, तर आपल्या बॅटऱ्या दोन तास नुसत्या कॅमेरे जागे ठेवतील, नेट पहिल्याच मिनिटाला जाईल. आमची फायबर थेट कंपनीच्या केंद्रापर्यंत, वाटेत फक्त वीज न लागणारे स्प्लिटर. तेही तुम्ही फोन करून खात्री करून घेतलीत, मगच अडीच तासांचा हिशोब मांडलात.

हिशोब असा. १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या ओळीनं जोडून ३६ व्होल्ट. ७ एएचच्या (अँपिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) घेतल्या तर कागदावर २५२ वॅट-तास दिसतात, पण तो ७ चा आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याचा असतो. तासाभरात ओढली तर त्यातलं साठ टक्क्यांच्या आसपास हाती लागतं. म्हणून २६ एएच. आणि बॅटरी वाढवली की चार्जर वाढवायचा, हे तुम्ही दोनदा बजावलंत. आतल्या छोट्या बॅटऱ्यांसाठी बनवलेल्या यूपीएसला बाहेरून मोठ्या बॅटऱ्या जोडल्या, तर त्याचा एक अँपिअरचा चार्जर त्या भरायला दीड दिवस घेतो. तोवर दुसऱ्यांदा लाइट गेली की बॅटरी अर्धीच. अशा अर्धवट भरलेल्या बॅटरीवर सल्फेट धरतं आणि ती वर्षभरात मान टाकते. एएचच्या दहा टक्के तरी चार्जिंग करंट हवा. आपल्याकडचा चार अँपिअरचा आहे.

खोलीचं दार प्लायवूडचं, बंद. रॅक आणि यूपीएसची उष्णता आत कोंडलेली. सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर धरून सांगतात, आणि दर दहा अंशांमागे ते निम्मं होतं. पुण्याचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो, मग त्या कोंदट खोलीचं काय होत असेल! दाराला खाली-वर जाळ्या पाडायला लावल्यात, आणि छोटा एक्झॉस्ट पंखा यूपीएसवरच जोडलात, म्हणजे लाइट गेली तरी हवा खेळती राहते. बॅटऱ्या जमिनीपासून दीड फूट वर, लोखंडी स्टँडवर. २०२४ च्या जुलैतल्या पुरात एकतानगरीत तळमजल्यांचं काय झालं ते या शहरात कुणाला सांगायला नको.

आता त्या पुठ्ठ्याकडे येतो.

जोडणी झाली, दिवे हिरवे झाले. इथवर आलं की बाकीचे बिलबुक काढतात. तुम्ही रॅकचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडलात. पिन ओढली नाहीत. पिन ओढली की अर्थही तुटतो, म्हणून चाचणी नेहमी एमसीबीवरून करायची, हेही जाता जाता सांगितलंत. आणि मग बॅटरीचं रिकामं खोकं पालथं घालून त्यावर बसलात. वाटलं, पाच मिनिटं बघतील आणि उठतील. तुम्ही चहा तिथेच मागवलात. दर पंधरा मिनिटांनी मल्टिमीटर लावायचा, तिन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजायच्या, तासाचा आकडा पुठ्ठ्यावर घ्यायचा. मुलं जिन्यावरून वर-खाली करत होती आणि तुम्ही पाय आवरून त्यांना वाट देत होतात.

दोन तास वीस मिनिटांनी यूपीएसनं मान टाकली. दोन बॅटऱ्यांवर १०.९, तिसरीवर ९.९. एवढाच तो फरक. बेरीज पाहणाऱ्याला तो दिसला नसता, आणि रोजच्या वापरात तर वर्षभर कळला नसता. त्या एका कच्च्या बॅटरीनं पुढे बाकीच्या दोघींनाही खाल्लं असतं, कारण ओळीतली एक कमजोर असली की चार्जर तिघींना मिळून एकच व्होल्टेज देतो, आणि ते तिघींत सारखं वाटलं जात नाही. तुम्ही ती उलटी करून तारखेचा शिक्का वाचलात. बाकीच्या दोघींपेक्षा आठ महिने जुनी, गोडाउनमध्ये चार्जिंगविना पडून राहिलेली. माल तुमचाच होता. आम्हाला काही कळलेलं नव्हतं, कळायची शक्यताही नव्हती. "ही माझी चूक, तारीख बघून काढायला हवी होती," म्हणालात आणि स्कूटरवर घालून परत नेलीत.

संध्याकाळी त्याच महिन्याची दुसरी आणलीत, रात्रभर चार्ज होऊ दिलीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच खोकं, तोच चहा. दोन तास बेचाळीस मिनिटं. दोन दिवसांत मिळून पाच तास तुम्ही जिन्याखाली बसलात, आणि त्यात विकण्यासारखं काहीही नव्हतं.

या शहरात अशी माणसं आहेत, एवढंच आधीच्या तिघांमुळे विसरायला झालं होतं. गॅसची जोडणी केल्यावर साबणाचा फेस लावून बघणारा फिटर, चष्मा दिल्यावर ओळ वाचून दाखवायला लावणारा दुकानदार, इंजेक्शन दिल्यावर दहा मिनिटं बाकावर बसवून ठेवणारी नर्स. काम झालं की नाही ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पगार आणि भाव सगळ्यांचा सारखाच असतो. हे जास्तीचं ते कुठून आणतात ते ठाऊक नाही, पण बाकीच्यांचा दिवस त्यांच्यावर चालतो.

तुम्ही सांगितलेलं चालू आहे. महिन्यातून एकदा, गुरुवारी सकाळी, एमसीबी पाडून दहा मिनिटं चाचणी होते. तिन्ही बॅटऱ्यांचे आकडे वेगवेगळे लिहिले जातात. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर तुम्हाला फोन करायचा आहे. अजून वेळ आली नाही. यूपीएसवर कुणी प्रिंटर लावू नये म्हणून रिकामी सॉकेटं टेपनं बंद केली आहेत. जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी भंगारवाल्याला न देता तुमच्याकडेच परत दिली, त्याचे पैसे तुम्ही बिलातून वळते केलेत तेही लक्षात आहे.

पुठ्ठ्यावर उजव्या बाजूला तुम्ही एक रकाना मोकळा सोडलाय, वर "एक वर्षानंतर" असं लिहून. त्या दिवशी पूर्ण डिस्चार्जची चाचणी आहे. खोकं जपून ठेवलंय, पण या वेळी तुमच्यासाठी खुर्ची आणतो.

आपले,
अभ्यासिकेचं नेटवर्क सांभाळणारे आम्ही
नवी पेठ, पुणे