ताई, माझी फाइल फेकून दिली नाहीत म्हणून

ताई,

समोर आभार मानले असते तर "अहो, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे जाहीर पत्र.

विम हा मी मजकूर आणि कोड लिहायला वापरते तो प्रोग्राम. माझी विमची सेटिंगची फाइल नऊ वर्षांची आहे. प्रत्येक ओळीच्या वर ती का टाकली, हे मराठीत लिहून ठेवलंय. ऑफिसच्या विंडोजवर ती मुकाट चालायची. घरी विंडोजऐवजी लिनक्स; तिथे नेली आणि विम उघडताच एररची रांग लागली. जिथे एक अक्षर लिहिलेलं नाही, त्या रिकाम्या ओळींवरसुद्धा एरर! मदत मागितली, तर एकाने विचारलं, "अजून विम वापरता?" दुसऱ्याने न बघताच सांगितलं, "उडवा आणि नवीन करा." तिसऱ्याने कीबोर्ड ओढून घेतला, भराभर ओळी उडवल्या आणि जेवायला निघून गेला. त्यांना मदत नव्हतीच करायची, तर तसं सांगायचं होतं.

तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात. कीबोर्ड माझ्याकडेच राहू दिलात. आधी फाइलची कॉपी करायला लावलीत आणि मग सावकाश, वरपासून, माझ्या मराठी टिपा वाचत गेलात. 'नाइट शिफ्टला डोळे चुरचुरतात म्हणून काळी पाटी' या टिपेवर थांबलात आणि माझ्याकडे वळून विचारलंत, "आता बरे आहेत का डोळे?"

ताई, एररचं कोडं तुम्ही दहा मिनिटांत सोडवलंत. विंडोज ओळीच्या शेवटी डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन खुणा ठेवतं, लिनक्स एकच. ती जादा खूण लिनक्सवरचं विम कमांडचाच भाग समजत होतं. विंडोजपुरता असलेला फॉन्ट तुम्ही 'विंडोज असेल तरच' अशा अटीत बांधायला शिकवलात, फाइलींमधले बदल जपून ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रामलाही ओळींच्या खुणा न बदलण्याची तंबी दिलीत. सगळं लक्षात आहे. पण घरी जाताना बसमध्ये डोक्यात घोळत होता तो डोळ्यांचा प्रश्न.

विम तयार करणारे ब्रॅम मोलेनारही असेच असावेत असं वाटतं. १९९१ मध्ये अमिगा या मशीनसाठी त्यांनी ते पहिल्यांदा दिलं, पुढे कुठल्या कुठल्या मशीनवर ते पोचलं. पैसे मागितले नाहीत. युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, एवढंच विमच्या पहिल्या पडद्यावर लिहून ठेवलं. २०२३ मध्ये ते गेले. ती ओळ मी रोज बघत होते, कधी थांबून वाचली नव्हती. माणूस दुसऱ्याचं लिहिलेलं थांबून वाचतो, ही किती मोठी माया असते!

तुम्ही एकही ओळ उडवली नाहीत. आता तीच फाइल दोन्हीकडे चालते. अटीच्या वर मी नवी टीप लिहिलीय: 'हे ताईंनी दाखवलं.'

आणि त्या दिवशी घसा दाटला म्हणून उत्तर द्यायचं राहिलं. डोळे बरे आहेत, ताई. चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय.