आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : उसाच्या फडावरच्या बाळाचं वजन कुणी करायचं?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

हे पत्र नेमकं कुणाला लिहायचं यातच माझे दोन दिवस गेले. मी कोल्हापुरात आहारशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य शिकते. आमचा अभ्यासक्रम उच्च शिक्षण खात्याकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र आपल्याकडे. शेवटी आपल्यालाच लिहायचं ठरवलं, कारण मूल मलूल झालं की आई आधी दवाखान्याची पायरी चढते. शिवाय आपण आमच्याच जिल्ह्याचे, तेव्हा ऊस, टोळी, पट्टा हे शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत.

‘काय खायचं हे शिकायला दोन वर्षं?’ असं माझे आजोबा अजून विचारतात. त्यांच्या तालमीत वस्ताद ते फुकट सांगायचे, म्हणे. आजोबांशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण पहिल्या सत्राच्या प्रात्यक्षिकात आम्ही मुलींनी एकमेकींचं हिमोग्लोबिन तपासलं, तेव्हा माझं साडेनऊ भरलं. बाराच्या खाली म्हणजे रक्तक्षय. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं हे परीक्षेत लिहून आलेली मी, रोज मेसमध्ये जेवणावर लगेच कडक चहा ढोसत होते. तो चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. इथं शिकणाऱ्याही त्याच घरांतून येतात.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. गेल्या जानेवारीत प्रकल्पासाठी आम्ही चौघी शिरोळ तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, गेलो. बीडकडची टोळी होती. एका कोपीत दीड वर्षाचं पोर बहिणीच्या कडेवर होतं, बहीण असेल सात-आठ वर्षांची. दंडाला पट्टी लावली. ११.२ सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली पट्टी लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. अंगणवाडीच्या सेविकाताई येऊन टीएचआरची (घरी न्यायच्या पूरक आहाराची) पाकिटं देऊन गेल्या होत्या, पण पोराच्या तोंडाला ती चव लागेना, म्हणून एक पाकीट बैलाच्या आंबोणात गेलं होतं. त्यात ताईंची चूक नाही. त्यांच्याकडे गावातली मुलं, पोषण ट्रॅकर अ‍ॅपवरच्या नोंदी, सर्वेक्षणं, शिवाय निवडणूक आली की तीही कामं.

संध्याकाळी आई फडातून आली. वर्गात शिकवलेलं मी सांगितलं : दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवा, घासावर चमचाभर तेल घाला. ती हसली. ‘कव्हा भरवू ताई? पहाटं चारला कोयता घेऊन निघतो आम्ही.’ पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस दाखल करा म्हटलं, तर नवऱ्यानं मान हलवली. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली. बाई बसली की तोडणीची नवरा-बायकोची जोडी मोडते, आणि खाडा धरला जातो. दाखल झालेल्या आईला बुडीत मजुरी मिळते हे मी सांगितलं, पण उचलीच्या हिशोबापुढं ती रक्कम कुठं पुरणार?

मग तासभर बसून काय जमेल ते ठरवलं. पहाटे भाकरीबरोबरच गूळ-शेंगदाण्याचा कूट करून डब्यात ठेवायचा आणि बहिणीनं तो दोन वेळा दुधात कालवून भरवायचा. तिला वाटी आणि चमचा दाखवून ठेवला. माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणातला सगळ्यात उपयोगी तास तोच असावा. कूट कितपत पोटात गेला हे बघायला मात्र दर आठवड्याला कुणीतरी वजनकाटा घेऊन जायला हवं होतं. आमचे प्रकल्पाचे दिवस चारच. मार्चमध्ये पुन्हा गेलो तर पट्टा पडला होता, म्हणजे हंगाम संपला होता, कोप्यांच्या जागी चुलीचे तीन दगड. अहवालाला स्पायरल बाइंडिंग केलं, गुण चांगले पडले.

साहेब, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर, परिचारिका, औषध निर्माता असतात, आहारतज्ज्ञाचं पद नाही. म्हणून आमच्या आधीच्या बॅचच्या मुली राजारामपुरीतल्या जिममध्ये वजन घटवायचे तक्ते लिहितात. वाईट काम नाही ते, पैसेही बरे मिळतात. पण राज्यात पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं कमी वजनाची असताना (पाहणी तीच) सगळं शिक्षण उलट्या दिशेला चाललंय असं वाटतं.

मागणी एकच. तालुक्याला एक सामुदायिक आहारतज्ज्ञ द्या, आणि त्याला टेबल नको, फिरतीचं काम द्या. पद म्हणजे आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा), वित्त विभाग आणि काही वर्षं, हे कळतं. तोवर शेवटच्या सत्राच्या विद्यार्थिनींना गळीत हंगामात आरोग्य केंद्राला जोडा. चार दिवसांसाठी नको, टोळी येते तिथपासून पट्टा पडेपर्यंत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करू, एसटीचा पास आणि जेवणापुरतं विद्यावेतन पुरे.

ऑक्टोबरअखेर टोळ्या यायला लागतील. त्याआधी शासन निर्णय निघाला तर पहिल्या फडावर आम्ही चौघी हजर असू. वजनकाटा आमचा आम्ही आणू.

आपली,
आहारशास्त्राची एक विद्यार्थिनी, कोल्हापूर