ट्यूब घ्यायच्या आधी घरचं व्होल्टेज मोजा

संपादक साहेब, नमस्कार,

आपल्या पेपरातला ट्यूब ॲम्पवरचा, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरवरचा लेख आवडला, इंदुरात एलपी आणि ट्यूब ॲम्प जपून ठेवलेली मराठी घरं आहेत आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. पण ट्यूब बदलायची वेळ आली की मुलार्ड नाहीतर टेलिफुंकन कंपनीची जुनी ट्यूब शोधा, पैशाकडे बघू नका, हा जो सल्ला त्यात दिलाय तो मला अजिबात पटला नाही, कुणीतरी तो वाचून अख्खा पगार घालून बसेल म्हणून लिहितोय.

आज मुलार्ड नाव छापलेली जी नवी ट्यूब मिळते ती इंग्लंडच्या ब्लॅकबर्नची नसते. ते नाव आता दुसऱ्यांकडे आहे, माल रशियात सारातोवला बनतो, टंग-सोल आणि जेनेलेक्स गोल्ड लायन नावाचा मालही तिथलाच. चांगल्या वाजतात त्या, पण जुन्या नावाची जुनी किंमत कशाला द्यायची? खरी जुनी ट्यूबही मिळते पण ती आधी किती वाजलीय हे काच बघून कळत नाही, आणि काचेवरची छपाई पुसून दुसरी करणारे लोक आहेत. आतली चांदीसारखी चकाकी पांढरी पडलेली दिसली तर मात्र हवा शिरलीय, ती घेऊच नका.

आता लेखात जे अजिबात नव्हतं ते. आमच्याकडे रात्री लोड कमी झाला की लाइन 245 व्होल्टपर्यंत चढते, तुम्हीही मीटर लावून बघा. बाहेरून आणलेले बरेच जुने ॲम्प 220 वर सेट केलेले असतात, म्हणजे ट्यूब आतून तापवणारा 6.3 व्होल्टचा हीटर 7 व्होल्टवर जळतो आणि ट्यूबमधल्या प्लेटला, म्हणजे जास्त व्होल्टेज दिलेल्या धातूच्या पत्र्याला, जिथे 450 पाहिजेत तिथे 500 जातात. हीटरला साधारण दहा टक्के इकडेतिकडे चालतं, हे त्याच्याही वर गेलं. अशा ॲम्पमध्ये कितीही महागाची ईएल34 (ही स्पीकर चालवणारी पॉवर ट्यूब) लावा, ती लवकरच जाणार, आणि लोक दोष ट्यूबला देतात. ट्रान्सफॉर्मरला 240 व्होल्टचा टॅप, म्हणजे वेगळी जोडणीची वायर असेल तर जाणकाराकडून तिथे जोडून घ्या, नसेल तर चांगला स्टॅबिलायझर घ्या, तो खर्च ट्यूबच्या आधीचा आहे. वरून इथला मे महिना, तेव्हा ॲम्प बंद कपाटात तर ठेवूच नका.

आधी झिजतात त्या पॉवर ट्यूब, सुरुवातीला सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या ईसीसी83 वर्षानुवर्षं चालतात, म्हणून सगळा सेट एकदम बदलायची गरज नसते. पॉवर ट्यूब मॅच्ड, म्हणजे सारख्या रीडिंगची जोडीच घ्या आणि फिक्स्ड बायसचा ॲम्प असेल (म्हणजे ट्यूबमधून किती करंट वाहायचा ते हाताने सेट करावं लागतं) तर नवी जोडी लावल्यावर बायस सेट केल्याशिवाय गाणं लावू नका, प्लेट लाल दिसली तर लगेच बंद. सॉकेटात बसते म्हणून ईएल34 च्या जागी केटी88 ही मोठी पॉवर ट्यूब लावणारे भेटतात मला, पण ईएल34 ची प्लेट 25 वॉटपर्यंत सोसणारी आणि केटी88 ची 42 पर्यंत, बायस वेगळा, हीटर करंटही थोडा जास्त, ॲम्प बनवणाऱ्याने चालेल म्हटलं असेल तरच करा. तसंच ईसीसी88 ही दुसरी छोटी ट्यूब आणि ईसीसी83 दोन्हीला नऊ पिना, पण हीटरची वायरिंग वेगळी, अदलाबदल नको म्हणजे नको. आणि ॲम्प बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, खालचं झाकण घरी उघडू नका.

आपल्याच बेंगळुरूच्या बीईएलने (भारत इलेक्ट्रॉनिक्स) एकेकाळी ईसीसी83 बनवल्यात, हे लेखात यायला पाहिजे होतं. जुन्या रेडिओ मेकॅनिकांच्या डब्यात त्या अजून सापडतात, आधी तिथे विचारा.

अडचण एकच, त्या तपासायच्या कुठे? कुरियरने ट्यूब मागवली तर विकणाऱ्याकडून टेस्टचं रीडिंग लिहून मागता येतं, पण डब्यातल्या ट्यूबचं काय. इंदूर, देवास, उज्जैन कुठेही कुणाकडे चालू ट्यूब टेस्टर असेल आणि दुसऱ्यांच्या ट्यूब तपासून द्यायची तयारी असेल तर त्यांनी आपल्या पेपरला कळवावं आणि आपण ते छापावं, एवढी विनंती.

आपला एक वाचक,
रामबाग, इंदूर