चतुर्थीला नाही आलास तरी चालेल

मालवण

चि. संदेश, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोलता बोलता तू गप्प झालास. दोनदा हाक मारली तेव्हा "हां बाबा, ऐकतोय" म्हणालास. ऐकत नव्हतास, डोळा लागला होता तुझा. आईला मी हे सांगितलेलं नाही.

चतुर्थीच्या रजेसाठी सुट्टीच्या दिवशीही ड्युटी करायची, दुसऱ्यांच्या फेऱ्या उचलायच्या, मग रात्रभर उभ्याने कुडाळ गाठायचं आणि विसर्जन झालं की तसंच परत लोकल चालवायला. असा येऊ नकोस. गणपती धाकटा आणेल. भजनाला वाडीतली पोरं आहेत.

माणसं कमी आहेत, कळतं मला. २०२४ साली असिस्टंट लोको पायलटच्या ५,६९६ जागा निघाल्या, पुढे त्या १८,७९९ केल्या, तेव्हा पेपर घेऊन मी वाडीभर फिरलो होतो. पण ती पोरं शिकून, मालगाडीवर मुरून लोकलवर यायची म्हणजे वर्षं जाणार. तोवर सगळी कसर तूच भरून काढणार?

मोटरमन झालास तेव्हा डेडमन हँडल समजावलं होतंस. हात सुटला की गाडी आपोआप थांबते म्हणालास, जीव भांड्यात पडला होता. पण हात दाबलेला राहतो आणि माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो, हे मी ट्रॉलरवर पाहिलंय. पहाटे तीन-चारला सुकाणूवरचा माणूस ताठ उभा, आणि हाक मारली तर ओ नाही. म्हणून आम्ही दोघं दोघं जागायचो, गजाली करत. आबा तर देवगडचा दिवा दिसेपर्यंत मला बोलतं ठेवायचे आणि दिसला की स्वतःच आत निजायला पाठवायचे. तुझ्या केबिनमध्ये तू एकटा. गार्ड पार शेवटच्या डब्यात.

शिकवायलाच लागलो बघ. रागावू नकोस. तुझं काम तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. दादरला तुझी गाडी फलाटात शिरताना पाहिली, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईंना सांगितलं होतं, "माझो झिल चालवतासा." एवढी माणसं तुझ्या हातावर विसंबून चढतात.

तरी सांगतो, झोप येत असेल तर साहेबांना स्पष्ट सांग, लेखी दे. ओव्हरटाइमचे पैसे छपरासाठी पाठवू नकोस, कौलं पुढच्या वर्षी बदलू. रजा मिळालीच तर आधी खोलीवर पोटभर झोप, मग दिवसाच्या गाडीने ये. विसर्जन होऊन गेलेलं असलं तरी आई मोदक पुन्हा करील.

फोन झोपून उठल्यावर कर.

तुझे बाबा