दौंडचं वजन कसं मोजणार?

महोदय,

रेल्वे स्थानकांच्या सुधारणेची बातमी आली की प्रवासी किती आणि उत्पन्न किती, यावरच चर्चा होते. सेक्शन कंट्रोलर म्हणून, म्हणजे कंट्रोल ऑफिसात बसून एका टापूतल्या गाड्यांचं नियंत्रण करण्यात, आयुष्य गेलेल्या माणसाला हे खटकतं. आमच्या वेळी कंट्रोल चार्टवर, म्हणजे वेळ आणि स्थानकांच्या आलेखावर, गाड्या पेन्सिलीच्या तिरक्या रेषांनी धावायच्या, थांबलेल्या गाडीची रेषा आडवी व्हायची. छोट्या स्थानकात पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा) फेल झाला तर दोन-तीन आडव्या रेषा. तेच जंक्शनात झालं की पाहता पाहता अख्खा चार्ट आडवा. त्या जंक्शनात तिकिटं किती विकली गेली, याचा याच्याशी काहीएक संबंध नसतो.

हे मोजता येतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये यासाठी माप मांडलं: कोणत्याही दोन ठिकाणांमधल्या सर्वांत जवळच्या वाटांवर एखादं ठिकाण किती वेळा मध्ये येतं, ते मोजायचं. मी मुंबई, कल्याण, मनमाड, भुसावळ, पुणे, दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर, मिरज आणि लातूर ही दहा नावं कागदावर मांडली, मार्ग जोडले आणि ४५ जोड्या एकेक करून तपासल्या. दोन वाटा सारख्याच जवळच्या निघाल्या तिथे अर्धा-अर्धा गुण दिला, तीन निघाल्या तिथे तिसरा हिस्सा. त्या कागदावर पुण्यातून तीन मार्ग फुटतात, दौंडहूनही तीनच. तरी पुण्याला सुमारे ९ गुण, दौंडला सुमारे १४ आणि कुर्डुवाडीला १६!

हा हिशोब फक्त टप्प्यांचा आहे, किलोमीटरचा नाही, हे मला ठाऊक आहे. मनमाडवरून फिरून सोलापूरला जाणारी वाटही त्यात पुण्यावरच्या वाटेइतकीच जवळची ठरते. मुंबईकर तसा कधी जाणार नाही. पण किलोमीटर धरून मोजलं तर पुणे-दौंडमधला फरक आणखी वाढतो. सोलापूर आणि लातूर माझ्या कागदाच्या कडेला पडल्यामुळे कुर्डुवाडीला थोडे जास्त गुण मिळाले असतील. दौंडबद्दल मात्र मला शंका नाही. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला तिथे इंजिन उलट्या टोकाला लावावं लागायचं. ते टाळायला दौंड कॉर्ड लाइन, म्हणजे दोन्ही मार्गांना थेट जोडणारी लाइन, झाली. त्या जागेचं महत्त्व तेव्हा कळलं होतंच ना?

माझी मागणी एवढीच: लूप लाइन (गाडी बाजूला थांबवायचा रूळ), सिग्नल आणि देखभालीचा पैसा वाटताना प्रत्येक जंक्शनाचा हा आकडाही काढावा, प्रत्यक्ष गाड्या आणि मालवाहतूक धरून, आणि तो लोकांसमोर ठेवावा. माझा कागद कुणाला तपासायचा असेल तर मी आनंदाने देईन.

– एक निवृत्त सेक्शन कंट्रोलर, पुणे