शेरूच्या केसांसाठी व्हॅक्यूम

स्टुटगार्ट,
१२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आई-बाबांना सा. न. सांग. शेरूचे केस उचलायला कुठला व्हॅक्यूम घ्यायचा हा तुझा प्रश्न आणि दाजींनी पाठवलेले जाहिरातींचे स्क्रीनशॉट मिळाले. फोनवर बोलायला घेतलं की तुझ्याकडून शेरू आणि माझ्याकडून ब्रूनो भुंकायला लागतो, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

आधी उत्तर सांगून टाकते, म्हणजे दाजींनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. वायरचा, चाकांवर मागेमागे येणारा साधा व्हॅक्यूम घ्या. कागदी किंवा कापडासारखी फेकायची पिशवी असलेला मिळाला तर उत्तम. मागे हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळ अडवणारा) हवाच, आणि सोबत सोफ्या-गादीसाठी छोटा फिरता ब्रश. स्क्रीनशॉटमधला हातात धरायचा बिनवायरचा महागडा नको. आणि इथून मी काही आणणार नाही, त्याचं कारण खाली आहे.

शेरू लॅब्रेडॉर आहे. आखूड केसांचा कुत्रा कमी गळतो असं तुम्हाला ज्याने सांगितलं त्याच्या घरी कुत्रा नसणार. लॅब्रेडॉरला केसांचे दोन थर असतात, वर राठ आणि आत मऊ लोकरीसारखा. आतला थर दिवसाच्या लांबीप्रमाणे बदलतो, त्यामुळे साधारण वसंतात आणि शरदात जास्त गळतो. घरातल्या कुत्र्यांना रात्री उशिरापर्यंत दिव्याचा उजेड मिळतो, म्हणून ते वर्षभर थोडेथोडे गळतच राहतात. त्यातही आखूड राठ केस जास्त चिवट. ते कापडाच्या विणीत टोकाने घुसतात. आमचा ब्रूनो इथल्या प्राण्यांच्या आश्रमातून आणलेला, निम्मा जर्मन शेफर्ड. त्याचे लांब केस गोळा होऊन कोपऱ्यात लोळत असतात, दिसतात तरी. शेरूचे केस तुला दाजींच्या काळ्या पॅंटवर सापडतील.

आता यंत्राचं. तिकडच्या जाहिरातीत पहिला आकडा वॅटचा असतो. १६०० वॅट, २००० वॅट. हा आकडा म्हणजे यंत्र वीज किती खातं ते, केस किती उचलतं ते नव्हे. इथे युरोपात २०१४ साली घरगुती व्हॅक्यूमना १६०० वॅटची कमाल मर्यादा घातली आणि २०१७ पासून ती ९०० वर आणली. तेव्हा लोकांनी बराच आरडाओरडा केला. पण आमचा ९०० च्या आतला आहे आणि ब्रूनो व मनी (मांजर) दोघांना पुरून उरतो. कारण खरं काम तोंडाला लावलेला ब्रश करतो. गालिच्यात रुतलेला केस नुसत्या ओढीने निघत नाही. फिरणारा ब्रश त्याला आधी उपटून काढतो, मग हवा त्याला ओढून नेते.

या ब्रशचे दोन प्रकार. एक, आत येणाऱ्या हवेच्या जोरावर फिरतो. स्वस्त, हलका, पण जाड गालिच्यावर दाबला की थांबतो. दुसऱ्याला स्वतःची छोटी मोटर असते, तो थांबत नाही, पण महाग, आणि त्याला वीज पोचवणारा खास पाइप लागतो. आमच्या झोपायच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवलेला आहे, तो काढता येत नाही, धुता येत नाही, म्हणून आम्हाला मोटरवाला लागला. तुमच्याकडे काय आहे? पुढे मोझॅक, मागे शहाबादी. त्यावर केस नुसते पडलेले असतात. फिरता ब्रश तिथे उलट त्यांना उधळतो. टाइल्सवर मऊ केसांचा, न फिरणारा रुंद ब्रश वापरायचा. फिरता फक्त सोफा, कापसाची गादी, गाडीची सीट आणि चिनूच्या खोलीतल्या सतरंजीला. एवढ्यासाठी हवेवर फिरणारा छोटा ब्रश पुष्कळ झाला.

त्यात एक कटकट आहे. तुझे लांब केस आणि शेरूचे आखूड मिळून त्या रुळावर असा पीळ बसतो की शेवटी तो फिरेनासाच होतो. घेताना बघ की रूळ सहज बाहेर निघतो का. निघत असेल तर कात्रीने आडवा काप देऊन दोन मिनिटांत साफ होतो. नसेल तर दाजींना स्क्रू काढत बसावं लागेल, आणि दाजींनी स्क्रू काढले की काय होतं ते मिक्सरच्या वेळी बघितलंय आपण.

बाबांच्या दम्यासाठी मला यंत्राची मागची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. प्राण्याची अॅलर्जी केसांची नसते. ती त्यांच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, केस त्यांना घरभर फिरवतात. तो कोंडा इतका बारीक असतो की स्वस्त यंत्र पुढून ओढतं आणि मागून गरम हवेबरोबर खोलीत सोडून देतं. जमीन स्वच्छ दिसते आणि बाबांना रात्री खोकला. हेपा फिल्टर त्यासाठी. यातल्या एच-१३ वर्गाचा फिल्टर अडवायला सगळ्यात अवघड आकाराच्या बारीक कणांपैकीही ९९.९५ टक्के अडवतो. पण फिल्टर कितीही चांगला असला आणि यंत्राच्या झाकणाला नीट रबर नसलं, तर हवा फिल्टरला बगल देऊन फटीतून निघते. दुकानात चालू करायला लाव आणि झाकणाच्या कडेने हात फिरव. जाळी सोडून दुसरीकडून वारा लागला तर तो नको.

पिशवीचा आग्रहही बाबांसाठीच. बिनपिशवीचा पारदर्शक डबा बघायला छान वाटतो, किती घाण निघाली ते दिसतं, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण तो कचऱ्यावर उलटा केला की भस्सकन ढग उठतो, आणि केस आतल्या जाळीला चिकटून बसतात ते बोटाने ओढावे लागतात. पिशवी तोंड बंद करून सरळ फेकता येते. अडचण इतकीच की पिशव्या पुढे मिळत राहायला हव्यात. कोल्हापुरात त्या मॉडेलच्या पिशव्या कोण ठेवतं ते आधी विचारा, यंत्राची किंमत नंतर. मिळत नसतील तर बिनपिशवीचा घ्या, पण डबा अंगणात रिकामा करायचा, नाकाला रुमाल बांधून, आणि ते काम बाबांनी करायचं नाही.

माळ्यावरचा जुना युरेका फोर्ब्स काढायचा का, असं आई विचारत होती. तो टाय लावलेला माणूस दिवाणखान्यात येऊन आपल्याच गादीतली धूळ पांढऱ्या कापडावर काढून दाखवत होता तेव्हा आईचा चेहरा कसा झाला होता, आठवतंय ना? मोटर चालत असेल तर गाडीसाठी आणि गॅलरीसाठी जरूर काढा. पण त्याची कापडी पिशवी बारीक धूळ धरत नाही, म्हणून बाबांच्या खोलीत नको. छोटे फिरते ब्रश सुटे मिळतात. पाइपची जाडी मोजून न्या, बहुतेक ३२ किंवा ३५ मिलिमीटर असते.

गंमत म्हणजे हाताने फिरवायचं विजेचं घरगुती यंत्र निघालंच एका दमेकऱ्याच्या डोक्यातून. अमेरिकेत ओहायोमधल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा माणूस एका दुकानात झाडलोट करायचा. झाडूच्या धुळीने त्याचा दमा बळावायचा. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि मागे उशीचा अभ्रा अशी जोडणी केली, आणि पुढे चक्क फिरता ब्रश बसवला. १९०८ साली पेटंट मिळालं आणि ते हूव्हर कुटुंबाने विकत घेतलं. म्हणजे ब्रश आणि पिशवी या दोन्ही गोष्टी सुरुवातीपासून होत्या. वॅटचा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरात नंतर आला. बाबांना हे वाचून दाखव, त्यांना आवडेल.

दाजींच्या बिनवायरच्या आवडीबद्दल. इथे बऱ्याच घरांत तो दिसतो, आणि खरकटं, चहापत्ती, एखाद्या कोपऱ्यातले केस यासाठी सोयीचा आहे. पण पूर्ण जोरावर लावला की बॅटरी काही मिनिटांत मान टाकते, आणि केसांना पूर्ण जोरच लागतो. डबा लहान, शेरूसारखा कुत्रा असेल तर दोन खोल्यांत भरेल. शिवाय काही वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ येते तेव्हा तिची किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते. जाहिरातीत ओढीचे मोठे आकडे असतात तेही बहुधा तोंड बंद करून मोजलेले. हवा वाहतच नसेल तर केस कसा जाईल? भरलेल्या यंत्राचीही हीच गत. युरोपात व्हॅक्यूमवर विजेच्या बचतीचं लेबल लागायचं. रिकाम्या यंत्रावर केलेल्या चाचणीवर ते आधारलेलं होतं, म्हणून २०१८ साली युरोपीय न्यायालयाने तो नियमच रद्द केला. तेव्हा कुठलाही घेतलात तरी पिशवी किंवा डबा गच्च भरेपर्यंत वाट बघायची नाही.

चिनूला फिरणारा रोबो हवाय ना? त्याला सांग, शेरू रात्री बाहेर जायचं शिकेपर्यंत तो विषयच काढायचा नाही. घरात कुत्र्याने घाण केली आणि पहाटे रोबो आपला आपण निघाला, तर तो ती सगळ्या घराला सारवून ठेवतो. इथे आमच्या ओळखीत एकांकडे झालंय. त्यांनी पुढे रोबो विकला, कुत्रा ठेवला.

पावसाळ्याचाही विचार कर. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर शेरू ओला होऊनच आत येणार. साध्या व्हॅक्यूमने ओलं ओढायचं नाही. मोटर जाईल, आणि ओले केस पिशवीत कुजून वास सुटेल. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारी यंत्रं मिळतात. आमच्या जवळच्या विनेन्डन गावातल्या केर्शर (Kärcher) कंपनीची ती पिवळी यंत्रं तिकडेही मिळतात. ती भक्कम असतात, पण आवाज मोठा आणि धूड अवजड, आईला उचलणार नाही. त्यापेक्षा दारात जुनं जाजम टाका, शेरूचे पाय पुसा, आणि केस वाळले की मग यंत्र फिरवा.

पिसवा झाल्या तर मात्र व्हॅक्यूमसारखं दुसरं काही नाही. त्यांची अंडी सतरंजीत, फटीत पडलेली असतात, ती बरीचशी निघतात. कोशात दडून बसलेल्या पिसवाही यंत्राच्या थरथरीने आणि उबेने बाहेर येतात. नंतर पिशवी लगेच बाहेर टाकायची. गोचिडांना याचा उपयोग नाही, त्याला डॉक्टरांचंच औषध.

इथून का आणणार नाही ते आता. वीज दोन्हीकडे २३० व्होल्टची, यंत्र चालेल हे खरं. पण २३ किलोच्या बॅगेतले आठ-नऊ किलो त्यात जाणार, वॉरंटी तिकडे कोणी मानणार नाही, आणि पिशव्या संपल्या की तू मला फोन करणार. माझ्या बॅगेत आईच्या सांडग्यांनाच परत येताना जागा उरत नाही. आणखी एक, लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर हे यंत्र कोणी लावू नका. एवढा भार घरगुती इन्व्हर्टरला झेपत नाही.

आमच्याकडची एक वेगळीच पंचाईत ऐक. रविवारी व्हॅक्यूम लावायचा नाही. शांततेचा दिवस, खालच्या आजी लगेच वर येतात. शिवाय या भागात ‘केअरवोखं’ म्हणून जुनी प्रथा आहे. आळीपाळीने एकेका घराने आठवडाभर जिना झाडायचा-पुसायचा, काही ठिकाणी पुढचा रस्ताही. पाळी आली की दारावर पाटी लटकते. जिन्यात ब्रूनोचे केस दिसले तर कोणाचे हे विचारायला नको, इमारतीत कुत्रा एकच. त्यामुळे शनिवारी दुपारी प्रसाद जिन्यात व्हॅक्यूम घेऊन उभा असतो. सासूबाईंना याचा फोटो पाठवलेला नाही.

आणि यंत्र येईपर्यंत काय करशील? शेरूला रोज अंगणात नेऊन विंचर. लॅब्रेडॉरसाठी रबरी दातांचा ब्रश मिळतो, गळायच्या दिवसांत आतल्या थरापर्यंत जाणारी फणीही. तिथे निघालेला केस घरात येत नाही. व्हॅक्यूमपेक्षा याने जास्त फरक पडतो आणि शेरूला लाडही होतात. सोफ्यावर भांड्यांचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढ, केसांची वळकटी होऊन येते. झाडताना पंखा बंद, नाहीतर तू झाडतेस आणि पंखा परत वाटतो. फ्रिजच्या मागची जाळी महिन्यातून एकदा बघ, केस तिथे जाऊन बसतात आणि फ्रिज तापतो.

केरसुणी काढून टाकायचं दाजी म्हणत असतील तर ऐकू नकोस. मोझॅकवर रोजच्या केराला तिच्याइतकं झटपट काही नाही, आणि लक्ष्मीपूजनाला काय त्या व्हॅक्यूमला हळदकुंकू लावणार? तो आठवड्यातून दोनदा, गाद्या-सोफ्यांना आणि बाबांच्या खोलीला.

दिवाळीच्या सवलती लागल्या असतील, पण दुकानात जाऊन घ्या. जाताना शेरूचे केस कागदाच्या पुडीत बांधून न्या. विक्रेता तांदूळ नाहीतर मीठ सांडून दाखवतो, ते कुठलंही यंत्र उचलतं. तुम्ही पुडी त्यांच्याच सोफ्यावर उलटी करा, हाताने चोळून बसवा आणि म्हणा, आता हे काढून दाखवा. दाजी लाजतील. चिनूला ने.

कुठली दोन-तीन मॉडेल्स तिथे मिळतात ते कळव, पिशवी आणि फिल्टरच्या भागाचे फोटो पाठव, मी बघून सांगते. शेरूचाही एक पाठव, कान मोठे झाले म्हणत होतीस.

तुझी,
मंजू